अंगणवाडीतलं हात धुणं : साबण आहे, गाणं आहे, मग घोडं कुठं अडतंय?

माणदेशी ताई

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत सेविका आहे. पटावर २६ मुलं, रोज येणारी २० ते २२. इथं बरीच वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात माझ्याकडची पाच पोरं जुलाबानं आजारी पडली. चौघं घरीच बरी झाली. एकाला तालुक्याला नेऊन सलाईन लावावं लागलं. साडेतीन वर्षांचा पोरगा. मध्यम कुपोषितच्या यादीत होता, आई आणि आम्ही मिळून सहा महिने मागं लागून त्याला ११ किलो २०० ग्रॅमवर आणला होता. परत आला तेव्हा काट्यावर १० किलो ६०० भरला. सहा महिन्यांची कमाई चार दिवसांत गेली. वजन लिहिताना आई समोर उभी होती. काही बोलली नाही, नुसती काट्याकडं बघत राहिली.

मला वाटायचं, आपल्याकडं हात धुणं होतंय. भिंतीवर तक्ता आहे. ‘सुमन के’च्या सगळ्या पायऱ्या मुलांना तोंडपाठ आहेत: सरळ, उलट, मूठ, अंगठा, नखं, मनगट (म्हणजे कलाई, त्याचा ‘के’). १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन करतो, फोटो पाठवतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आहाराच्या वेळी मी काहीच केलं नाही. मदतनीस मावशींना म्हटलं, रोजच्यासारखं चालू द्या. आणि दाराशी उभी राहून बघत बसले.

जे दिसलं ते लिहिते. घमेल्यात पाणी. पाणी वाचावं म्हणून ही पद्धत मीच पाडली होती. मुलं रांगेनं येतात, घमेल्यात हात बुडवतात, चोळतात, पुढं जातात. पहिल्या चार-पाच जणांच्या हाताला साबणाची वडी लागली, मग ती निसटून मातीत पडली, मावशींनी उचलून खिडकीत ठेवली. बाराव्या-तेराव्या पोराच्या वेळी पाण्याला चहाचा रंग आला होता. म्हणजे शेवटच्या मुलाच्या हाताला आधीच्या सगळ्यांच्या हातांचा मळ आम्ही आपल्या हातानं लावत होतो.

पुढचं तर माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. हात धुऊन मुलं सतरंजीवर बसली. खिचडी वाढून सगळ्यांच्या पुढं ताटली येईपर्यंत, मग श्लोक म्हणून होईपर्यंत मी घड्याळ लावलं. बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत एकानं मुंगळा पकडला, एकीनं शेजारणीची चप्पल काढून दिली, दोघांनी नाकात बोट घातलं, आणि सगळ्यांनीच हात सतरंजीवर टेकवले. ती सतरंजी आम्ही आठवड्यातून एकदा झटकतो. आणि त्याच हातांनी घास.

त्या दिवसापासून जे बदललं ते असं. घमेलं बंद. पाणी हातावर पडलं पाहिजे, हात पाण्यात बुडता कामा नये. घरातलं एक जुनं २० लिटरचं पिंप आणलं, त्याला तोटी बसवून घेतली आणि चिऱ्यांच्या ओट्यावर ठेवलं, तोटी मुलाच्या पोटाच्या उंचीला येईल असं. आधी ताटल्या वाढायच्या, झाकायच्या, आणि मग पाच-पाचच्या टोळीनं हात धुवायला उठायचं. हात धुतला की थेट ताटलीशी. श्लोक पिंपापाशी रांगेत उभं राहूनच म्हणून होतो.

साबणाची वडी दोऱ्यानं कापून चार तुकडे केले. तीन वर्षांच्या मुलाच्या मुठीत अख्खी वडी बसत नाही, ती निसटते, निसटली की मूल ती सोडून देतं. पाव तुकडा बरोबर मावतो. तो जुन्या मोज्यात घालून पिंपाच्या कडीला बांधला, त्यामुळं कावळा नेत नाही, उंदीर कुरतडत नाही आणि मातीतही पडत नाही. मोज्यावर हात चोळला की फेसही चांगला येतो. साबण चोळताना एक ते वीस मोठ्यानं म्हणायचं. लहानगी एक ते दहा दोनदा म्हणतात. अंक आपोआप पाठ होतायत.

हात पुसायला आधी एकच पंचा होता, तोही काढून टाकला. माझ्या सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचे हातभर तुकडे केले, प्रत्येकावर रंगीत दोऱ्यानं चित्र: कुणाचा पोपट, कुणाचं गाजर, कुणाची चावी. आपला तुकडा मूल बरोबर ओळखतं. शनिवारी धुतो.

एवढं करूनही तीन ठिकाणी अडलंय. एक, अडीच-तीन वर्षांच्या मुलांना तोटी बंद करता येत नाही, पाणी वाहून जातं. दोन, मार्चनंतर आमच्याकडं टँकर येतो, तेव्हा हे पिंप भरायचं कशानं? तीन, शी करून आल्यावरचं हात धुणं. त्याची वेळ ठरलेली नसते, मूल एकटंच परसाकडून येतं आणि सरळ खेळात शिरतं. जेवणाआधीचं मी बसवलं, हे बसत नाहीये. तुमच्यापैकी कुणी बालवाडी, पाळणाघर चालवत असाल, गावात काम करत असाल, तर सांगा.

रानजाई

ताई, वाचून पोटात तुटलं. त्या बाळाचं वजन आता कसं आहे? ताटली आधी आणि हात नंतर, ही गोष्ट इतकी साधी आहे आणि मी माझ्या घरीसुद्धा उलटं करते. “हात धुऊन बसा रे” म्हणते आणि मग पोळ्या लाटायला घेते.

एक विचारायचं होतं. करोनाच्या वेळच्या सॅनिटायझरच्या बाटल्या आमच्या इथल्या मंडळाकडं पडून आहेत. पाणीटंचाईत त्या चालतील का? पाठवायची सोय करू शकेन.

कोयनाकाठ

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तुमच्या जिल्ह्यातच काम करतो. ताई, दाराशी उभं राहून बघणं आणि बारा मिनिटं मोजणं, मी आजवर वाचलेल्या कितीतरी अहवालांपेक्षा हे मोलाचं आहे.

सॅनिटायझरबद्दल. हात दिसायला स्वच्छ असतील आणि पाणी मिळणारच नसेल, तेव्हाच त्याला हात घालावा. मातीचे, चिकट, तेलकट हात असतील तर त्याचा जेमतेमच उपयोग होतो. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस, हात-पाय-तोंडाला पुरळ आणणारे विषाणू, यांना चरबीचं आवरण नसतं, त्यामुळं अल्कोहोल त्यांच्यावर नीट चालत नाही. जंतांच्या अंड्यांचं तर ते काहीच बिघडवत नाही. साबणाचं काम वेगळं आहे. तो हातावरचा तेलकट थर सुटा करतो, त्या थराला चिकटलेला मळ, जंतू, अंडी त्यासोबत सुटतात आणि वरून पडणारं पाणी ते वाहून नेतं. म्हणूनच तुम्ही घमेलं काढलंत ते बरोबर केलंत. घमेल्यात सुटलेलं सगळं तिथंच राहतं. शिवाय सॅनिटायझर पेट घेतं आणि लहान मुलं ते पितात. जिथं शेगडी आणि तीन वर्षांची मुलं एका खोलीत असतात, तिथं ते ठेवू नका. मुदत संपलेल्या बाटल्या तर नकोच.

‘जंतुनाशक’ लिहिलेला महाग साबण लागत नाही. साधा अंगाचा साबण पुरे. गरम पाणीही लागत नाही.

नखांकडं लक्ष द्या. रात्री ढुंगण खाजवणारं, झोपेत चुळबुळ करणारं मूल असेल तर बहुधा सूतकृमी असतात. त्यांची अंडी खाजवताना नखाखाली जातात, सकाळी अंगठा तोंडात गेला की परत पोटात. हे चक्र गोळीनं तेवढ्यापुरतं तुटतं. जंतनाशक दिनाला आपण अल्बेंडाझोल देतो, पोटातले जंत मरतात, पण हात आणि नखं तशीच राहिली तर काही आठवड्यांत नवे येतात. गोळी आणि नेलकटर दोन्ही हवेत.

आणखी एक, जे सहसा कुणी बोलत नाही. मुलांच्या आधी वाढणाऱ्याचे हात. तुमचे, मावशींचे. खिचडी मळक्या हातानं वाढली तर वीस मुलांचं वीस वेळा धुतलेलं वाया जातं. मावशींना जुलाब असतील तर त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकाला हात लावू नये, आणि अशा सुट्टीला कुणी नाकं मुरडू नयेत.

हात धुणं नीट बसलं तर फरक किती पडतो? बालसंगोपन केंद्रं आणि शाळांमधल्या वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष असा की जुलाबाचे प्रसंग सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात. उरलेल्या प्रसंगांसाठी ओआरएस आणि १४ दिवस झिंकची गोळी. तुमच्या त्या मुलाला झिंक पूर्ण १४ दिवस मिळाली का, तेवढं आईला विचारा. जुलाब थांबले की लोक गोळी थांबवतात.

तात्या माळकर

मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. आम्ही शेणामातीत वाढलो, कुणी साबण लावला नाही, ठणठणीत आहोत. आता जपून जपून मुलांची प्रतिकारशक्तीच राहिली नाही. जरा माती पोटात गेली तर काय बिघडतं?

कोयनाकाठ

तात्या, राग कसला. मातीत खेळू द्याच, दिवसभर खेळू द्या. माझा आग्रह जेवणाआधी आणि शौचानंतर एवढाच आहे.

तुम्ही म्हणता त्या विचाराचं मूळ १९८९ सालच्या एका ब्रिटिश मांडणीत आहे. मोठ्या कुटुंबातल्या, बरीच भावंडं असलेल्या मुलांना परागांची ॲलर्जी कमी दिसते, असं त्यात म्हटलं होतं. ते ॲलर्जीबद्दल आहे. विष्ठेतून येणाऱ्या जंतूंनी कुणाची ताकद वाढत नाही. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. त्यामागं खाण्याची आबाळ आहेच, पण ही गळतीही आहे.

आणि आपल्या पिढीबद्दल एक सांगतो. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, त्यातली पाच जगली. ठणठणीत असलेल्या आपण आज इथं लिहितोय. जे चार गेले त्यांचं मत घ्यायला कुणी नाही.

तात्या माळकर

हे मात्र खरं. आमच्याही घरी दोन बहिणी गेल्या, हगवणीनंच. आई सांगायची. पटलं.

सोनटक्का

ठाण्यात पाळणाघर चालवते, चौदा वर्षं झाली. सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची मुलं असतात. ताई, तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीवर आमचा अनुभव देते.

तोटीचं: एक मूल ‘पाणीवाला’ किंवा ‘पाणीवाली’. चार-पाच वर्षांचं मोठं मूल तोटीपाशी उभं राहतं, सोडतं आणि बंद करतं. रोज पाळी बदलते. मुलांना हा मोठा मान वाटतो, त्यासाठी सकाळी लवकर येतात. हात ओले करायला पाणी सोडायचं, चोळताना बंद, धुवायला परत सोडायचं. चोळताना तोटी बंद ठेवली तरी निम्मं पाणी वाचतं.

शी-शूनंतरचं: आम्ही मुलाला एकटं सोडतच नाही. एक बाई सोबत जाते आणि आधी मुलाचे, मग स्वतःचे हात धुऊनच दोघं परत येतात. तुमच्याकडं दोनच माणसं, ते जमणार नाही हे कळतं. पण पाणी आणि साबण संडासाच्या दाराशीच असेल तर अर्धं काम होतं. मूल दहा पावलं वळून हात धुवायला जात नाही. वाटेत असेल तर धुतं.

लंगोट बदलणाऱ्यांसाठी: हातमोजे घातले तरी नंतर हात धुवायचेच. आणि बाळाचेसुद्धा धुवायचे, कारण बदलताना त्याचा हात खाली जातोच. फार लहान बाळाचे ओल्या साबणाच्या फडक्यानं पुसून मग साध्या ओल्या फडक्यानं. हे फडकं एका बाळाला एकच. पाळणाघर बघायला जाणाऱ्या आईबाबांना मी नेहमी सांगते, भिंतीवरची कार्टूनं बघू नका, लंगोट बदलायच्या जागेपासून बेसिन किती लांब आहे ते बघा.

आंबेमोहोर

मी यातली तज्ज्ञ नाही. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या बालवर्गात सोमवारी नखं तपासायचे. हात पुढं करून रांगेत उभं राहायचं. ज्यांची नखं वाढलेली, हात मळके, त्यांना पुढं बोलवायचे, सगळ्या वर्गाकडं हात दाखवायला लावायचे आणि पट्टी मारायचे. आम्ही वीटभट्टीवर राहायचो. तिथल्या मुलाच्या नखातली लाल माती साबणानं जात नाही, दगडानं घासली तरी बोटांच्या रेषांत राहते. माझे हात मी घरून धुऊन यायचे, आई वाटेतल्या हापशावर परत धुवायची, तरी मी पुढं उभी असायचे. वर्गातली बाकीची मुलं माझ्या हातचा डबा घ्यायची नाहीत.

सोमवारी मला पोटात दुखायला लागलं. खरंच दुखायचं. मग मंगळवारीही. त्या वर्षी शाळा सुटली ती परत दोन वर्षांनी सुरू झाली.

ताई, तुम्ही असं काही करत नसणार, तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. पण हे वाचणाऱ्या प्रत्येक सेविकेला, बाईंना, सरांना हात जोडून विनंती: कुणाचे हात घाण आहेत हे सगळ्यांसमोर म्हणू नका. नखं वाढली असतील तर मांडीवर घेऊन कापा. माझी नखं कुणी तशी कापली असती तर मला ती बाई जन्मभर आठवली असती.

जुनी वही

मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले, आता पालघरकडे राहते. आंबेमोहोर, तुमचं वाचून वही बाजूला ठेवली आणि बराच वेळ नुसती बसले.

मांडीवर घेऊन नखं कापणं म्हणालात म्हणून आठवण काढते. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्या बालवाडी घेऊन पाड्यावर, त्यांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा हेच नाव देशभर गेलं.

त्यांच्या शिकवण्यात हात-तोंड धुणं, केस विंचरणं, नखं काढणं हा शाळेचा भाग होता, शाळेत येण्याची अट नव्हती. एवढा एक फरक आपण विसरलो. स्वच्छ होऊन या, असं म्हटलं की ज्याच्या घरी पाणी नाही ते मूल घरीच राहतं. या, इथं स्वच्छ होऊ, असं म्हटलं की येतं. मी बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, फिरायचे तेव्हा अंगणवाडीत शिरल्यावर आधी नेलकटर, कंगवा आणि आरसा कुठं आहे ते बघायचे. आरसा मुलाच्या उंचीला हवा. आपलं धुतलेलं तोंड बघून मूल जे हसतं, त्यासाठी तरी लावा.

गावकुस

पाणी-स्वच्छतेच्या कामात वीसेक वर्षं गेली. जुन्या वहीताईंना नमस्कार.

ताई, जेवणाआधीचं आणि शौचानंतरचं यात तुम्हाला दिसलेला फरक आहे तो देशभर आहे, पण उलट्या बाजूनं. २०१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शौचानंतर साबणानं हात धुणारी कुटुंबं ७४ टक्क्यांच्या आसपास होती, जेवणाआधी साबण वापरणारी ३६ टक्के. मोठी माणसं शौचाला घाण मानतात म्हणून तिथं साबण घेतात, जेवणाआधी पाण्याचा हात पुरतो असं वाटतं. मुलांच्या बाबतीत तुमच्या देखरेखीखाली जेवण असतं म्हणून ते आधी बसलं. घरी मात्र जेवणाआधीचंच सुटणार, तेव्हा आयांशी बोलताना जोर तिथं द्या.

शौचानंतरच्या धुण्यासाठी एक सोपा उपाय सांगतो. बांगलादेशातल्या दोन शाळांत संडासापासून हात धुवायच्या जागेपर्यंत रंगानं पावलं काढली आणि धुण्याच्या जागी हाताचे ठसे. भाषण नाही, तक्ता नाही. आधी शंभरात चार मुलं शौचानंतर साबणानं हात धुवायची. पावलं काढल्यावर दुसऱ्याच दिवशी ६८ धुवायला लागली, सहा आठवड्यांनी मोजलं तर ७४. लहान मूल पावलावर पाऊल ठेवत चालतंच, त्याला सांगावं लागत नाही. आपल्याकडं लक्ष्मीची पावलं काढायची सवय बायकांच्या हातात आहेच.

पाण्यासाठी दोन गोष्टी. पाच लिटरच्या कॅनला वरच्या बाजूला खिळ्यानं भोक पाडून तो आडव्या काठीवर टांगायचा, तोंडाला दोरी बांधून खाली पायानं दाबायची काठी. पाय दाबला की कॅन कलतो, बारीक धार येते, पाय सोडला की आपोआप बंद. ही युक्ती झिंबाब्वेतल्या एका डॉक्टरनं १९८०च्या दशकात काढली, आता जगभर आहे. हात तोटीला लागतच नाही आणि बंद करायची आठवणही लागत नाही. तुमच्या अडीच वर्षांच्या मुलांसाठी हेच. सांडपाणी खाली आळ्यात सोडा, शेवगा लावा.

साबण संपत असेल तर दीड लिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवून झाकणाला भोक पाडायचं. प्रत्येक मुलाला एक पिचकारी. फक्त कातडी फुटलेल्या मुलांना त्याऐवजी साबणच द्या, आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

आयांबद्दल: जंतूंची भीती घालून फारसं काही होत नाही. आंध्रात चित्तूर जिल्ह्यातल्या गावांत एक मोहीम झाली होती. त्यात आजारांबद्दल बोलायचंच नाही असं ठरवलेलं. चांगल्या वळणाचं मूल घडवणारी आई, एवढंच चित्र. सहा महिन्यांनी त्या गावांत मोक्याच्या वेळी साबणानं हात धुणं ३७ टक्क्यांवर गेलं, मोहीम न झालेल्या गावांत ६ होतं. आपल्या बायका ‘वळण’ हा शब्द किती जपतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

लेस्टरची माई

इंग्लंडमधल्या नर्सरीत लहान मुलांबरोबर काम करते. बेसिनं बुटकी, पाणी भरपूर, साबण भिंतीला, तरी आमच्याही अडचणी आहेत. त्यातली एक सांगते, माणच्या थंडीतही उपयोगी पडेल.

एक चार वर्षांची मुलगी हात धुवायच्या वेळी रोज रडायची, टेबलाखाली बसायची. दोन आठवडे सगळ्यांना वाटलं हट्ट आहे. एक दिवस मी तिचे हात नीट उघडून बघितले. बोटांच्या बेचक्यांत बारीक चिरा होत्या, इसब होतं, साबण झोंबत होता. सांगता येत नव्हतं एवढंच. मग तिच्यासाठी सौम्य साबण ठेवला, धुतल्यावर हात टिपून घ्यायचे, चोळायचे नाहीत, आणि लगेच मलम. चौथ्या दिवशी ती स्वतःहून रांगेत उभी राहिली. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली पिंपाशेजारी ठेवा ताई. जेवणाआधी नको, पण घरी जाताना प्रत्येकाच्या हाताच्या पाठीला एक थेंब.

इथं वीस सेकंदांसाठी वाढदिवसाचं गाणं दोनदा म्हणायला सांगतात. तुमचं एक ते वीस मला जास्त आवडलं. उद्यापासून माझ्या वर्गात मराठी अंक म्हणून बघणार आहे.

माणदेशी ताई

तीन आठवडे झाले. सगळ्यांचं वाचलं, मावशींना मोबाईलवर वाचून दाखवलं. आंबेमोहोर, तुमचं वाचताना मावशी उठून आत गेल्या. नंतर म्हणाल्या, “माझ्या लेकीलाबी असंच झालं व्हतं, म्यां उगाच पोरीला मारलं.”

काय काय झालं ते सांगते. पावलं गेरूनं काढली, पावसाच्या एका सरीत गेली. मग सरपंचांच्या घराच्या रंगकामातला उरलेला पिवळा ऑइलपेंट मागून आणला. पावलं मी काढणार होते, पण मुलांचेच पाय रंगात बुडवून उमटवले तर, असं वाटलं. नंतर रॉकेलनं पाय पुसत बसावं लागलं असतं म्हणून तो बेत सोडला आणि पुठ्ठ्यावर मुलांचे पाय आखून, कापून, त्यावरून रंगवली. त्यामुळं प्रत्येकाला आपलं पाऊल कुठलं ते माहीत आहे. आपल्या पावलावर पाय ठेवायला पोरं नसलेली शू काढून जाऊन येतात. पहिल्या आठवड्यात मी मोजलं: संडासला जाऊन आलेल्या दहांपैकी सात-आठ जण हात धुऊन येतात. आधी एखाद-दुसरं यायचं.

पायानं दाबायचा कॅन टांगला. तीन दिवसांत दोरी तुटली, सुतळी होती. नायलॉनची लावली, टिकली. चोळताना धार बंद राहते म्हणून पाच लिटरमध्ये सगळ्यांचा एक वेळचा हात होतो. टँकरच्या दिवसांत एवढं पाणी एका घरानं रोज द्यावं, अशी पाळी लावायचं आयांच्या बैठकीत ठरलं. बावीस घरं, म्हणजे महिन्यातून एकदाच एका घरावर येतं. एका आजींनी आपणहून दोन पाळ्या घेतल्या.

आरसा लावला. नखं बुधवारी, मांडीवर.

डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून: झिंकच्या गोळ्या सहाव्या दिवशीच बंद केल्या होत्या. आशाताईंशी बोलून उरलेल्या सुरू केल्या. काल वजन केलं, १० किलो ९५०. अजून मागचं भरून निघायचंय. कालची खिचडी त्यानं दोनदा मागून घेतली.

आता एकच अडचण आहे. पिंपाची तोटी बुडातून झिरपते. एम-सील लावून झालं, दोन दिवस थांबतं आणि परत सुरू. रात्रीतून चार-पाच लिटर जातं.

सोनटक्का

एम-सील काढून टाका. तोटीला वायसर एकाच बाजूनं लावलाय बहुतेक. पिंपाच्या आतून एक आणि बाहेरून एक, दोन्ही रबरी, आणि आतल्या बाजूनं चक्की (नट) घट्ट. दुकानात ‘टाकीची तोटी, दोन वायसर आणि चक्कीसकट’ असं मागा.

गावकुस

आणि भोक गरम सळईनं पाडलं असेल तर कडा खडबडीत राहिल्या असतील, तिथून झिरपतं. आधी काचकागदानं कडा गुळगुळीत करून घ्या, मग वायसर बसवा.

माणदेशी ताई

सळईनंच पाडलंय. उद्या म्हसवडचा बाजार आहे, वायसर आणि काचकागद घेऊन येते. लावून झालं की सांगते.